जंगलातील अवघड माउंटन बाइक ट्रेल: या चुका टाळा आणि चुकीचा माग मागे जाऊन काढा

अवघड ट्रेलवर पडलेला सायकलस्वार उठतो, कपडे झटकतो आणि ज्या मुळावर किंवा धोंड्यावर आपण आपटलो त्याच्याकडे रागाने पाहतो. ते मूळ तेथे अनेक वर्षे आहे आणि त्याच सकाळी त्याच्यावरून इतर स्वार सुखरूप गेलेले असतील, हे त्या क्षणी लक्षात येत नाही. माझे ठाम मत असे आहे की जंगलात आपण जेथे पडतो तेथे चूक क्वचितच झालेली असते. ती दोन-तीन सेकंद आधी, काही वेळा ट्रेलच्या तोंडाशी, तर काही वेळा आदल्या संध्याकाळी टायरमध्ये हवा भरताना होऊन गेलेली असते. म्हणून येथे चुका पडल्या जागेपासून मागे मागे जात मांडल्या आहेत.

यासाठी एक सवय फार उपयोगी पडते. पडल्यानंतर इजा झालेली नसेल तर सायकल ट्रेलच्या बाजूला ठेवावी, मागून कोणी येत नाही याची खात्री करावी आणि दहा-पंधरा पावले उलट चालत जाऊन आपल्याच टायरची खूण पाहावी. टायरच्या गुठळ्यांचा ठसा स्पष्ट उमटला असेल तर चाक तेथे फिरत होते. ठसा पुसला जाऊन मातीवर सलग गुळगुळीत पट्टा दिसत असेल तर चाक तेथे जाम झाले होते. एका ओल्या मुळांच्या जाळीवर मी वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा पडलो, टायरला दोष दिला आणि पुढचा टायर बदललाही. तिसऱ्या वेळी मागे चालत गेलो तेव्हा तो पुसट पट्टा पहिल्या मुळाच्या सुमारे दोन मीटर आधीच सुरू झालेला दिसला, म्हणजे पुढचा ब्रेक दाबलेला ठेवूनच मी मुळांवर शिरत होतो. ब्रेक आधी सोडायला लागल्यापासून त्या जागी मी पुन्हा पडलेलो नाही.

नजर चाकापाशी खिळणे

भीती वाटू लागली की नजर आपोआप पुढच्या चाकाजवळ येते. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, त्यामुळे तीन मीटरवर पाहणाऱ्या स्वाराला जे दिसते त्यावर काही करण्यासाठी अर्धा सेकंदच हाताशी असतो. तेवढ्या वेळात फक्त दचकता येते आणि दचकलेला हात ब्रेककडे जातो. आपल्याला वेगावर ताबा नाही असे ज्यांना सतत वाटते, त्यांनी वेग कमी करण्याआधी नजर दहा-पंधरा मीटर पुढे नेऊन पाहावी. तोच वेग बराच संथ वाटू लागतो. जवळचा दगड एकदा पाहिल्यावर त्याच्याकडे पुन्हा पाहण्याची गरज नसते, कारण तो कोठे आहे हे शरीराच्या लक्षात राहते.

जंगलात नजरेची दुसरी चूक झाडांच्या बाबतीत होते. जे टाळायचे त्याच्याकडे टक लावून पाहिले की सायकल त्याच्याच दिशेने जाते, म्हणून दोन झाडांमधून जाताना बुंध्यांकडे न पाहता मधल्या फटीकडे आणि फटीच्या पलीकडे पाहावे. येथे आपल्या हँडलची रुंदीही माहीत असली पाहिजे. हल्लीच्या ट्रेल सायकलींची हँडले बहुधा ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद असतात, आणि जुन्या अरुंद हँडलची सवय असलेल्या स्वाराची बोटे पहिल्याच अरुंद फटीत सालीवर घासतात.

उघड्या माळावरून दाट झाडीत शिरताना डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास काही क्षण लागतात. नेमक्या त्याच क्षणांत ट्रेलवर कवडसे आणि सावल्या पसरलेल्या असतात, त्यामुळे सावली कोणती आणि खड्डा कोणता हे ओळखता येत नाही. गडद काचांचा चष्मा ही अडचण वाढवतो. जंगलासाठी पारदर्शक, फिकट रंगाची किंवा प्रकाशानुसार रंग बदलणारी काच घ्यावी. फांद्या आणि उडणारी माती यांचा विचार करता चष्मा काढून ठेवणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

ब्रेक: सर्वाधिक चुका येथे होतात

टायरची जमिनीवरची पकड एक ठरावीक पुंजी असते आणि ब्रेक व वळण दोघेही त्याच पुंजीतून खर्च करतात. कोरड्या घट्ट मातीवर ही पुंजी मोठी असते, तर ओल्या मुळावर, शेवाळलेल्या दगडावर आणि पाल्याच्या थरावर ती नगण्य असते. वेग कमी करायचा तो सरळ आणि चांगल्या जमिनीवर, आणि निसरड्या जागी किंवा वळणाच्या पोटात चाकांना मोकळे फिरू द्यायचे, असा त्याचा अर्थ होतो. घाबरलेला स्वार नेमके उलटे करतो. चांगली जमीन तो तशीच जाऊ देतो आणि मुळे दिसल्यावर दोन्ही ब्रेक आवळतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक अवघड तुकड्याच्या आधी ब्रेक लावण्याची जागा ठरवावी आणि ती जागा ओलांडल्यावर, वेग थोडा जास्त राहिला असे वाटले तरी, पुढचा ब्रेक सोडावा.

सबंध उतारभर ब्रेक हलके दाबून ठेवणे ही याचीच दुसरी तऱ्हा आहे. त्यामुळे पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा आणि धक्के शोषणारा दुहेरी दांडा, सतत दबलेल्या अवस्थेत राहतो, पुढच्या गचक्यासाठी त्याच्यात कमी वाव उरतो आणि मुळे आहेत त्याहून मोठी वाटू लागतात. शिवाय ब्रेक तापतात. ही अडचण या खेळाच्या जन्मापासूनची आहे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सुरू झालेल्या उताराच्या शर्यतींना ‘रिपॅक’ हे नाव पडले, कारण त्या जुन्या सायकलींच्या मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, असलेल्या ब्रेकमधील ग्रीस एका उतारातच उष्णतेने जळून जाई आणि हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. आजच्या डिस्क ब्रेकमध्ये ग्रीस जळत नाही, पण जास्त तापल्यावर डिस्कला आवळणाऱ्या पॅडची पकड ढिली पडते, त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि ब्रेकच्या तेलात पाणी शिरलेले असेल तर ते उकळून लिव्हर (ब्रेकची बोटाने दाबायची दांडी) थेट हँडलपर्यंत येतो. लांब उतारावर लिव्हरचा प्रवास वाढत चालला आहे असे जाणवले तर थांबावे आणि डिस्क थंड होऊ द्यावी, मात्र तिला बोट लावू नये. त्यानंतर थोडा वेळ जोरात ब्रेक लावून पूर्ण सोडण्याची पद्धत ठेवावी, कारण मधल्या मोकळ्या क्षणांत डिस्कला वारा लागतो.

पुढच्या ब्रेकची भीती हा वेगळा विषय आहे आणि ती अनेकांच्या मनात लहानपणापासून बसलेली असते. ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकतो, म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचे चाक करते. मागचे चाक हलके होते आणि थोड्याशा दाबानेही जाम होते. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा स्वार उतारावर घसरत राहतो, त्याचा वेग फारसा कमी होत नाही, आणि ट्रेलवर असे चर पडतात की पुढच्या पावसात पाणी त्यांतूनच वाहू लागते व तेथील माती वाहून जाते. सपाट मातीच्या मैदानात जाऊन टाचा खाली दाबत, छाती खाली ठेवत, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबण्याचा सराव अर्धा तास केला तरी ही भीती पुष्कळ ओसरते. लिव्हर एकदम खेचू नये, एवढेच पथ्य आहे.

ज्यांचे हात दहा मिनिटांत भरून येतात आणि बोटे वळेनाशी होतात, त्यांनी आपल्या ताकदीला दोष देण्याआधी लिव्हरची जागा तपासावी. तर्जनीचे पहिले पेर लिव्हरच्या अगदी टोकाच्या वळणावर टेकले पाहिजे आणि बाकीची तीन बोटे मुठीवर राहिली पाहिजेत. बहुतेक सायकलींवर यासाठी लिव्हरचा क्लॅम्प मुठीपासून थोडा आत सरकवावा लागतो. लिव्हर फार खाली झुकलेला असेल तर तीव्र उतारावर मनगट वाकडे होऊन हात पुढे घसरतो. लिव्हर किती दूर असावा हे ठरवणारा स्क्रू बहुतेक ब्रेकवर असतो आणि लहान हातांच्या स्वारांनी तो आवर्जून फिरवावा.

ब्रेकमधून कर्कश आवाज येतो आणि जोर लागत नाही, अशी तक्रार बहुधा साखळीला तेल फवारल्यानंतर किंवा डिस्कला उघड्या बोटांनी हात लावल्यानंतर सुरू होते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅडमध्ये तेल मुरलेले असेल तर ते घासून फारसा उपयोग होत नाही, ते बदलणेच योग्य. नवे पॅड बसवल्यावर त्यांना डिस्कशी जुळवून घ्यावे लागते: मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक जाम होऊ न देता, वीसेक वेळा ब्रेक लावावा. हे न करता थेट अवघड ट्रेलवर गेलेला स्वार पहिल्याच उतारावर चकतो. चाक काढलेले असताना चुकून लिव्हर दाबला गेल्याने पॅड एकमेकांना चिकटले असतील, तर टायर काढण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने ते हळूच दूर करावेत. तेलाबाबत एक गोष्ट कधीच विसरू नये. काही ब्रेक डॉट प्रकारच्या द्रवावर चालतात आणि काही मिनरल ऑइलवर, आणि एकाच्या जागी दुसरे घातले की आतील रबरी सील खराब होतात.

मागे झुकून राहणे

‘उतारावर मागे बस’ हा सल्ला प्रत्येक नव्या स्वाराला मिळतो. जुन्या सायकलींसाठी त्यात तथ्य होते. त्यांचा फोर्क उभा असे, हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी होणारा कोन) ७१ अंशांच्या आसपास असे, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) लांब, हँडल अरुंद आणि सीट उंच असे, त्यामुळे हँडलवरून पुढे फेकले जाण्याचा धोका खरोखर मोठा होता. आजच्या ट्रेल सायकलींचा हेड अँगल बहुधा ६४ ते ६६ अंश असतो आणि पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे असते. अशा सायकलीवर फार मागे झुकले की पुढच्या चाकावरचा भार निघून जातो आणि वळणावर ते चाक कोणतीही पूर्वसूचना न देता बाहेर सरकते.

ही चूक आपल्याकडून होते का हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. उतारावर कोपर सरळ होत असतील, मांड्या लवकर भरून येत असतील, मागचा टायर कपड्यांना घासत असेल, किंवा ब्रेक न लावताही पुढचे चाक वळणात सुटत असेल, तर आपण फार मागे आहोत. पेडले जमिनीला समांतर ठेवून टाचा खाली दाबाव्यात, वाकायचे ते कमरेतून न वाकता खुब्यातून वाकावे, छाती खाली आणि कोपर बाहेर ठेवावेत, आणि हनुवटी साधारण स्टेमच्या वर येईल असे उभे राहावे. शरीराचा सगळा भार पायांतून पेडलांवर जायला हवा. हातांवर इतकाच भार असावा की क्षणभर बोटे सैल केली तरी तोल बिघडू नये. उतार अधिक तीव्र झाला की सायकल शरीराखालून पुढे झुकू द्यावी. शरीर मागे गेल्यासारखे बघणाऱ्याला वाटते, पण भार पायांवरच राहतो.

सीट उंच ठेवून उतरणे ही चूक आता ड्रॉपर पोस्टमुळे, म्हणजे बटण दाबून सीट खाली-वर करता येणाऱ्या दांड्यामुळे, कमी झाली आहे, तरी सीट खाली करण्यास उशीर होतो. उतार सुरू झाल्यावर बटण दाबायला बोट मोकळे नसते, म्हणून सीट आधीच खाली घ्यावी. ड्रॉपर नसेल तर थांबून पोस्ट हाताने खाली करावी, त्यासाठी लागणारा अर्धा मिनिट वाया जात नाही.

मुळे, दगड, वळणे आणि चढ

ओल्या मुळावर चाक कोणत्या कोनातून येते यावर सगळे अवलंबून असते. चाक मुळाला जवळजवळ काटकोनात भेटले तर ते ओलांडून जाते. ट्रेलला तिरपे पसरलेले मूळ मात्र चाकाला आपल्या लांबीच्या दिशेने वाहून नेते. म्हणून अशा मुळाच्या आधी ट्रेलच्या वरच्या बाजूने यावे, त्याला शक्य तितके आडवे छेदता येईल अशी रेघ धरावी, आणि मुळावर असताना ब्रेक, पेडल आणि वळण या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. मुळाच्या अगदी आधी पायांनी सायकल थोडी दाबून मग शरीर हलके केले, तर चाके त्या क्षणी कमी भाराने जातात आणि घसरण्यास कारण उरत नाही. मागचे चाक थोडे सरकलेच तर सरकू द्यावे, त्याला सावरण्यासाठी हँडल वळवले की पुढचेही जाते.

दगडांच्या पट्ट्यात चूक उलट्या बाजूने होते. सावधपणा म्हणून स्वार इतका हळू शिरतो की चाक प्रत्येक फटीत उतरते आणि प्रत्येक दगडापाशी अडते. थोडा वेग असेल तर चाके दगडांच्या माथ्यांवरून जातात. आत शिरण्याआधी वेग ठरवावा, नजर पट्ट्याच्या पलीकडच्या टोकावर ठेवावी, पाय जड आणि हात हलके ठेवावेत, आणि सायकलला आपल्याखाली हलू द्यावे. मुठी गच्च आवळल्या की प्रत्येक हिसका खांद्यापर्यंत येतो आणि सायकल दगड सांगतील तिकडे जाते.

वळणावर अनेक जण सायकल आणि शरीर एकत्र झुकवतात, त्यामुळे सुट्या मातीत दोन्ही एकत्र घसरतात. सायकल आत झुकवावी, शरीर त्यामानाने उभे ठेवावे, सपाट वळणावर बाहेरचा पाय खाली घेऊन त्यावर भार द्यावा आणि मान वळणाच्या शेवटाकडे फिरवावी. चढावर मागचे चाक फिरून घसरत असेल तर बहुधा स्वार उभा राहून पेडल मारत असतो, आणि पुढचे चाक उचलले जात असेल तर तो सीटवर मागे बसलेला असतो. सीटच्या टोकावर सरकून छाती खाली घेतली की दोन्ही तक्रारी कमी होतात. मुळे-दगडांच्या चढावर पेडल आपटत असेल तर पूर्ण फेरा न मारता अर्धा फेरा पुढे आणि तेवढाच मागे, अशी पद्धत वापरावी. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा. पूर्ण जोराखाली गिअर बदलल्याने साखळी तुटते, आणि ती नेमकी अशा जागी तुटते जेथून पुढे बरेच चालावे लागते.

उडीच्या पायऱ्या आणि उंच कडे यांच्याबाबत येथे एवढेच सांगतो की न पाहिलेल्या पायरीवरून सायकल नेऊ नये. उतरून ती बाजूने चालत पाहावी, खालची जमीन आणि थांबण्याची जागा तपासावी, आणि मनाला पटले नाही तर बाजूच्या वाटेने जावे. पुढच्या स्वाराच्या मागे लागून त्याच्या वेगाने पायरी घेणे हे मी पाहिलेल्या गंभीर दुखापतींमागचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

आदल्या संध्याकाळच्या चुका

टायरमधील हवा हा अवघड ट्रेलवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. टायर कडक असेल तर तो मुळांवरून उसळतो, हातांना मुंग्या येतात आणि ओल्या जागी पकड राहत नाही. हवा फार कमी असेल तर रिम दगडावर आपटल्याचा आवाज येतो, वळणात टायर लोळतो आणि ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, टायर कडेने हवा सोडतो. सुमारे ७० ते ७५ किलो वजनाच्या स्वाराने २.३ ते २.५ इंच रुंदीच्या ट्यूबलेस टायरसाठी पुढे २० ते २३ आणि मागे २३ ते २६ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात करावी, ट्यूब असेल तर त्याहून तीन-चार पीएसआय जास्त ठेवावेत, आणि मग एकेक पीएसआयने कमी-अधिक करून पाहावे. अनेक पंपांवरील काटे इतक्या कमी दाबाला विश्वासार्ह नसतात, म्हणून स्वतंत्र मोजणी यंत्र घ्यावे आणि नेहमी तेच वापरावे. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक छिद्रे दिसली तर काटा शोधू नये. ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली गेली आहे, म्हणजे हवा कमी होती. ट्यूबलेस टायरमधील सीलंट, म्हणजे छिद्रे बुजवणारा द्रव, काही महिन्यांत सुकते, त्यामुळे टायर हलवून आत द्रव खळखळतो का हे पाहावे.

सस्पेन्शनमध्ये पहिली चूक अशी की दुकानातून सायकल जशी आली तशीच चालवली जाते. हेल्मेट, पाण्याची पिशवी, गुडघ्या-कोपरांचे पॅड हे सगळे अंगावर घालून सायकलवर स्वारीच्या पवित्र्यात उभे राहावे आणि नुसत्या भाराने सस्पेन्शन किती दबते ते रबरी कड्यावरून मोजावे. फोर्कसाठी एकूण प्रवासाच्या, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या, १५ ते २० टक्के आणि मागच्या शॉकसाठी २५ ते ३० टक्के ही चांगली सुरुवात आहे. १५० मिलिमीटर प्रवासाच्या फोर्कसाठी २० टक्के म्हणजे ३० मिलिमीटर होतात. रिबाउंड, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग, ही दुसरी बाब आहे. तो फार मंद असेल तर लागोपाठच्या मुळांवर सस्पेन्शन वर यायच्या आत पुन्हा दबते, प्रत्येक गचक्याला खाली खाली जाते आणि शेवटी लाकडासारखे कडक लागते. पुष्कळ जण याला हवा जास्त झाली असे समजून हवा काढतात आणि परिस्थिती आणखी बिघडवतात. रिबाउंड फार जलद असेल तर सायकल उसळते आणि उडी उतरल्यावर स्वाराला वर फेकते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, किती क्लिक फिरवले ते लिहून ठेवावे आणि ट्रेलचा तोच छोटा तुकडा पुन्हा चालवून पाहावा.

उजव्या बाजूला पडल्यानंतर

या एका चुकीने बऱ्याच जणांची चांगली सायकल काही सेकंदांत निकामी होते, म्हणून ती वेगळी सांगतो. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो त्याला हँगर म्हणतात, आणि तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो, म्हणजे धक्का बसल्यावर फ्रेमऐवजी तो वाकेल. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा डिरेलर खुंटाला लागला की हँगर आत वाकतो. स्वार उठतो, पुढे चढ असतो, तो मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर साखळी टाकतो, आणि वाकलेला डिरेलर आऱ्यांत अडकून चाक, डिरेलर आणि काही वेळा फ्रेमही मोडते.

म्हणून अशा पडण्यानंतर सायकलच्या मागे बसून पाहावे. डिरेलरचा खालचा पिंजरा वरच्या दातेरी चक्रांच्या सरळ रेषेत उभा दिसला पाहिजे. तो आऱ्यांकडे झुकलेला असेल, किंवा गिअर अचानक उड्या मारू लागले असतील, तर मागचे चाक उचलून हाताने पेडल फिरवत एकेक गिअर टाकून पाहावा आणि आऱ्यांपासून अंतर राहते याची खात्री होईपर्यंत सर्वांत मोठे दातेरी चक्र वापरू नये. केबलचा ताण फिरवून ही अडचण सुटत नाही. जादा हँगर जवळ ठेवावा. पूर्वी प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा असे. स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला युनिव्हर्सल डिरेलर हँगर आता अनेक नव्या फ्रेमवर असतो, पण आपली फ्रेम कोणत्या प्रकारची आहे हे घरीच पाहून ठेवावे. त्याच पिशवीत साखळीचे हत्यार, आपल्या गिअरसंख्येला जुळणारी क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी), एक ट्यूब, ट्यूबलेसचे प्लग आणि पंप असावा.

ट्रेल निवडताना होणारी चूक

रंगांवर विसंबून ट्रेल निवडणे धोक्याचे ठरू शकते, कारण रंगांचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. उत्तर अमेरिकेत स्कीच्या उतारांवरून आलेली खुणांची पद्धत चालते: हिरवे वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि दोन काळे हिरे. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल येतो. जर्मन भाषक प्रदेशांत नैसर्गिक पायवाटांसाठी एस० ते एस५ अशी श्रेणी वापरतात. एका ठिकाणच्या निळ्या ट्रेलवर मिळालेला आत्मविश्वास दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय श्रेणी बहुधा कोरड्या दिवसाच्या मानाने दिलेली असते, आणि पावसानंतर तोच ट्रेल एका पायरीने अवघड होतो. अनोळखी जंगलात पहिली फेरी सवयीपेक्षा एक श्रेणी सोप्या ट्रेलवर करावी. माती इतकी ओली असेल की चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटत आहेत, तर त्या दिवशी त्या ट्रेलवर जाऊ नये. डबके टाळण्यासाठी कडेने गेल्याने ट्रेल रुंद होत जातो, म्हणून डबक्यातून सरळ जावे.

शेवटची फेरी आणि डोक्याला लागलेला मार

दिवसाच्या अखेरीस, ‘आणखी एकच फेरी’ म्हणून सुरू झालेल्या उतारावर, वर सांगितलेल्या सगळ्या चुका एकत्र येतात. मांड्या थकल्या की स्वार सीटवर बसतो, हात थकले की ब्रेक सतत दाबलेला राहतो, आणि रक्तातील साखर कमी झाली की नजर जवळ येते. दीड-दोन तासांहून लांब स्वारीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे खावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. सकाळी सहज गेलेल्या जागी दोनदा पाय टेकवावा लागला, तर ती फेरी संपवण्याची वेळ झाली असे समजावे. जंगलात बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून कोणत्या ट्रेलवर जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू हे कोणाला तरी सांगून निघावे, आणि एकटे असताना नवी उडी घेऊ नये.

पडल्यानंतर सायकल तपासण्याआधी डोके तपासावे. हेल्मेट जमिनीवर किंवा झाडावर आपटले असेल आणि त्यानंतर डोके दुखणे, चक्कर, मळमळ, धूसर दिसणे, गोंधळ किंवा मधले काही न आठवणे यांपैकी एकही गोष्ट जाणवली, तर पुढची स्वारी रद्द करावी आणि डॉक्टरांकडे जावे. ‘मला काही झाले नाही’ हे जखमी स्वाराचे म्हणणे अशा वेळी प्रमाण मानू नये, कारण मेंदूला हादरा बसलेल्या माणसाला स्वतःची स्थिती नीट कळत नाही, आणि लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. सोबत्याने त्याला एकटे सोडू नये, त्याची सायकल आपण ढकलावी आणि सर्वांत जवळच्या सोप्या वाटेने दोघांनी चालत बाहेर पडावे. ते हेल्मेट बाहेरून अखंड दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण धक्का पचवताना त्याच्या आतील फोम दबून गेलेला असतो.